जाळरेषा म्हणजे रस्ता नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की पुण्यातल्या ग्रॅव्हल सायकलींची (कच्च्या वाटांसाठीच्या, रुंद टायरच्या) तोंडं भीमाशंकरकडे वळतात. राजगुरुनगर, चास, वाडा, तळेघर हा डांबरी रस्ता पाठ झाला, की आत जंगलात शिरायची हौस येते. मोबाइलवरच्या उपग्रह-नकाशात झाडीतून गेलेली फिकट रेघ दिसते, तिच्यावर बोट फिरतं आणि मार्ग तयार. घोळ इथूनच सुरू होतो.

ती रेघ पुष्कळदा जाळरेषा असते. वणवा पसरू नये म्हणून वनखातं उन्हाळ्याआधी गवत आणि झुडपं काढून जो मोकळा पट्टा करतं, तो. वरून तो गाडीवाटेसारखाच दिसतो. पण गाडीवाट डोंगर चढताना वळणं घेते. जाळरेषा सोंडेवरून नाकासमोर सरळ वर जाते. नकाशावरच्या समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांना काटकोनात छेदणारी लांब रेघ दिसली, तर ती मार्गातून काढूनच टाकावी. चढ ढकलत जाण्याचा, उतार घसाऱ्याचा आणि मध्येमध्ये कोयत्याने तिरकी छाटलेली कारवीची खुंटं. वीतभर उंच, गवतात लपलेली, टोकाला टाकासारखी धारदार. बाभळीच्या काट्याने पडलेलं बारीक भोक टायरमधलं सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) बुजवतं. खुंट टायरची कड सेंटिमीटरभर फाडतो, तिथे सीलंट हात टेकतं.

दुसरी बाजू कायद्याची. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सार्वजनिक महामार्गाने अभयारण्यातून पार जाणाऱ्याला परवानगीची गरज नाही. त्यावरून चाक आत वळलं की ती लागते. ‘सायकलच तर आहे, धूर नाही की आवाज नाही’ हा युक्तिवाद वनरक्षकासमोर टिकत नाही, आणि टिकूही नये. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावं: कोणती गाडीवाट, कोणता दिवस, किती जण. पायवाटा आणि देवराया सोडूनच द्याव्यात. श्रावण आणि महाशिवरात्रीच्या गर्दीत डांबरी रस्त्यावरूनही सायकल नेऊ नये.

आता वेळेचं गणित. ‘साठ किलोमीटर म्हणजे तीन तास’ हा हिशोब सिंहगड रस्त्यावर चालत असेल. रानात पृष्ठभागाप्रमाणे तुकडे पाडावे लागतात. डांबर ताशी २०, मुरमाची गाडीवाट १०, घाटचढ साडेसात, ढकलणं ३. म्हणजे ३० किलोमीटर डांबर, २० गाडीवाट, साडेसात चढ आणि अडीच ढकलण्याचं धरलं, तर सव्वापाच तासांच्या आत काम होत नाही. पाणी, पंक्चर आणि वाट चुकणं यांचे दीड तास धरा, झाले जवळजवळ सात. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर उजेड त्याआधीच जातो. त्यामुळे चारला परत डांबरावर, हा नियम ठेवावा. पोहोचता येत नसेल तर निम्म्यातून मागे फिरावं.

साडेसात हा आकडा हवेतला नाही. पुढचं चेनरिंग ३२ दातांचं, मागचं सर्वांत मोठं चक्र ३४ चं आणि मिनिटाला ६० पेडल, तर वेग तेवढाच येतो. रोड बाइकच्या ३४-२८ गिअरवर तेच ६० फेरे ठेवायला ताशी साडेनऊचा वेग लागतो. तो दगडी चढावर निभत नाही, पेडल जड होतं, स्वार उभा राहतो, मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि सुट्या मुरमावर चाक जागीच फिरतं. दम कमी पडला असं वाटतं. कमी पडलेला असतो गिअर.

टायर ४० ते ४५ मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला). ७५ किलोच्या स्वाराने हवेचा दाब पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरू करावा. दगडावर रिम आपटल्याचा ठण आवाज आला तर दोन पीएसआय वाढवावेत. सीलंट प्रत्येक टायरमध्ये ६० मिली. पुण्याच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात उघडून पाहावं. कड फाटलीच तर आतून जुन्या टायरचा पाच बाय तीन सेंटिमीटरचा तुकडा ठेवून ट्यूब घालायची. पण आधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. सीलंटने बुजवलेले जुने काटे आत तसेच टोक काढून बसलेले असतात, आणि नवी ट्यूब हवा भरताच त्यांच्यावर बसते. ट्यूब घालायची तर ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढावा लागतो, म्हणून त्याची चकती घरी हातानेच आवळावी. पक्कडने आवळलेली रानात बोटांनी सुटत नाही. डिरेलर हँगर (मागची गिअर-यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा) ज्याचा त्याने न्यावा, एका फ्रेमचा दुसरीला बसत नाही.

पाणी ताशी पाऊण लिटर, म्हणजे सात तासांना सव्वापाच लिटर धरावं; निघताना निदान तीन लिटर, बाकीचं वाटेत भरून. ओआरएसचं लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करू नये. घट्ट द्रावणाने तहान भागत नाही, उलट पोट बिघडतं. खाण्याला चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. कागद खिशातून परत. कड्याखाली थांबताना आधी वर पाहावं. आग्या मोहोळ असेल तर सेंटचा उग्र वास आणि आरडाओरडा दोन्ही महागात पडतात.

वनखात्याला एक विनंती. नाक्यावर प्लास्टिकबंदीची पाटी लावता येते, तशी आणखी एक लावावी: सायकलला कोणत्या गाडीवाटा खुल्या, कोणत्या महिन्यांत, शुल्क किती आणि परवानगी कुठे मिळेल. आणि जाळरेषा जिथे रस्त्याला मिळते, तिथे तोंडावर दोन मोठे दगड आडवे टाकावेत.

कळावे,
काही सायकलस्वार, पुणे