गणपतीला आलात आणि मल्लखांब लावून गेलात

प्रिय मुंबईकर मुलांनो,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमच्यापैकी एकजणही आभार ऐकून घ्यायला तयार नाही. फोनवर विषय काढला की "सर, आवाज तुटतोय" म्हणता. आमच्याकडे रेंजची बोंब आहे हे खरं, पण एवढीही नाही. शिवाय संगमेश्वर तालुक्यातल्या एका आडगावच्या शाळेत मल्लखांब कसा आला, हे आणखी चार माणसांना कळलं तर बरंच आहे.

चाकरमानी गणपतीला येतात, आरत्या-भजनं होतात, मोदक होतात आणि गौरी गेल्या की परतीची गाडी. तुम्हीही लहानपणापासून तसेच येत होतात. त्या वर्षी मात्र देवळाच्या सभामंडपात तुळईला दोर बांधून तुम्ही दोरीच्या मल्लखांबाची प्रात्यक्षिकं केलीत. तुमच्यातली थोरली ताई दोरावर सरसर चढली आणि वर जाऊन चक्क पद्मासन घालून बसली. जाखडीच्या नाचाला उभी राहिलेली पोरं चाळ बांधायचं विसरून बघत राहिली. संपल्यावर आमच्या सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "आमाला येईल काय हे?" अशा प्रश्नाला पाहुणे "हो, का नाही!" म्हणतात आणि निघून जातात. तुम्ही मला विचारलंत, "सर, शाळेत जागा किती आहे?"

खांबाची किंमत ऐकून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. पुरायचा खांब सागाचा किंवा शिसवी लाकडाचा, पुरल्यावर जमिनीच्या वर साधारण साडेआठ फूट, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता, त्यात अंग, मान, बोंड नीट घडवलेलं. गावच्या सुताराने बघून हात जोडले. आमच्या खेळाच्या खर्चात व्हॉलीबॉलची जाळी दुरुस्त झाली तरी आम्ही खूश असतो. त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" म्हणून मी विषय बासनात बांधला.

तो हिवाळा तुम्ही काय केलंत, ते मला तुमच्यातल्या एकाच्या आईकडून कळलं. सोसायट्यांचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, मंडळांचे वर्धापनदिन, जिथे बोलावलं तिथे प्रात्यक्षिकं दाखवायला गेलात आणि मिळालेलं मानधन एका डब्यात टाकत राहिलात. स्पर्धेतली रोख बक्षिसंही त्याच डब्यात. ती माउली म्हणाली, "सर, ह्याला नवीन बूट घे म्हटलं तर म्हणतो, गावचा खांब होऊदे आधी."

आणि मे महिन्यात खांब आला! वाशीच्या मार्केटला आंबा उतरवून रिकामे क्रेट घेऊन परतणाऱ्या टेम्पोत, गोधडीत गुंडाळून, सासरी निघालेल्या नवरीसारखा जपून आणलेला. सोबत तुमच्या व्यायामशाळेने बदलायला काढलेल्या जुन्या गाद्या. खड्डा खणायचा दिवस आठवतो ना? जांभ्याच्या कातळात पहार मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. गावातले चार बापे आलटूनपालटून खणत होते आणि चष्मेवाला दादा ओळंबा धरून "अजून अर्धा बोट डावीकडे" म्हणत होता. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणे. त्या दिवशी पटलं.

अध्यक्षांनी शाल-श्रीफळ आणलं होतं. तुम्ही नारळ तेवढा घेतलात, खांबापुढे फोडलात आणि शाल खड्डा खणणाऱ्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांच्या खांद्यावर टाकलीत. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण ते राहूदे.

एवढ्यावर तुम्ही परत गेला असतात तरी गावाने तुमचं नाव काढलं असतं. पण शाळांना मिळालेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, हे मी नोकरीत बघत आलोय. उद्घाटनाचा फोटो निघतो आणि वस्तू कपाटात जाते. शिकवायला माणूस नसेल तर मल्लखांब म्हणजे अंगणात पुरलेलं लाकूड. मी क्रीडाशिक्षक असलो तरी माझा खेळ कबड्डी. अढी, म्हणजे पायांनी खांबाला घालायची पकड, कशी मारायची, हे मला कोण शिकवणार होतं?

तुम्ही सुट्टीभर राहिलात. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी पोरं खांबावर चढतील. ताईने त्यांना खाली बसवलं, पुढ्यात काजूबिया पसरल्या आणि सांगितलं, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत एकेक बी उचलायची आणि टोपलीत टाकायची. मुलं हसून हसून लोळली. पण दोरीच्या मल्लखांबात दोर धरायचा तो त्याच चिमटीत, आणि सगळा भार त्यावर तोलायचा, हे चार दिवसांनी दोराशी गेल्यावर त्यांना कळलं. तोवर पायाची बोटं तयार झाली होती. दोर घासून पायावर चट्टे उठले तेव्हा ताईने स्वतःच्या पायावरचे जुने वळ दाखवले. रडणारी पोरगी डोळे पुसून ते निरखत बसली.

खांबावर एरंडेल किती लावायचं, हेही तुमच्याकडूनच शिकलो. जास्त झालं तर पकड सुटते, कमी झालं तर कातडी सोलते. सुती दोर पावसाळ्यात भिजला की कडक होतो, म्हणून आता तो पोषण आहाराच्या खोलीत आढ्याला टांगलेला असतो. उंदरांपासूनही वाचतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसमोर खांबावर मनोरा झालाच पाहिजे, असा सरपंचांचा हट्ट होता. तुम्ही फोनवर साफ नाही म्हणालात. "गादीशिवाय आणि खाली दोघं सांभाळायला असल्याशिवाय कोणी वर चढायचं नाही. मनोरा तर यंदा नाहीच." वीस-एकवीस वर्षांची पोरं सरपंचांना नाही म्हणतात! मुलांनी त्या दिवशी साध्या अढ्या आणि सलाम्या केल्या, टाळ्या जेमतेम पडल्या, आणि सगळी धडधाकट घरी गेली.

आमचा खेळ मोठ्या मैदानावर गेलाय, हे मी वाचून आहे. २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कला झाली. मुंबईच्या हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला. दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. खेलो इंडिया स्पर्धांतही मल्लखांब आहे. (बघा, नकळत "आमचा खेळ" लिहून गेलो. कबड्डीवाल्याची ही गत केलीत तुम्ही.) पण बऱ्याच घरांत खेळाचा हिशेब वेगळा असतो. दहावी-बारावीचे वाढीव गुण पदरात पडले की दोराला रामराम. पुढे नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र तेवढं जपून ठेवायचं. त्यांना नावं ठेवत नाही, पोटापाण्याचं बघावंच लागतं. तुमचे ते गुण कधीच मिळून झालेत, तरी आमच्या पोरांनी पाठवलेला प्रत्येक व्हिडिओ तुम्ही थांबवून थांबवून बघता आणि "गुडघा ताठ, मान आत" असे निरोप पाठवता. ते ऐकायला पोरं पाण्याच्या टाकीवर चढतात, कारण रेंज तिथेच येते.

बातमी द्यायची राहिली. ती सातवीतली मुलगी आता नववीत आहे आणि यंदा जिल्ह्याच्या निवड चाचणीला जातेय. तिने कसरतींचा संच स्वतः बसवलाय. त्यातली एक उतरण मला धोक्याची वाटते, पण माझं ती ऐकत नाही, "ताईला विचारते" म्हणते. तेव्हा गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय, परतीची तिकिटं एक दिवस पुढची काढा. एरंडेल आणून ठेवलंय. येताना जुना दोर असेल तर तेवढा आणा, इथला मधोमध विरत चाललाय.

तुमचा,
गावचा पीटीचा मास्तर