अक्षता पडलेले लग्न चर्चच्या दृष्टीनेही लग्नच

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापूर शहरातल्या काही प्रार्थनासभांमध्ये नव्याने विश्वासात आलेल्या बायकांना हल्ली एक गोष्ट सांगितली जाते. ती चुकीची आहे आणि तिच्यामुळे चांगले चाललेले संसार हादरतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सांगतात असे की, तुझे लग्न हिंदू पद्धतीने लागले, तेव्हा देवाच्या नजरेत ते लग्नच नव्हे.

पूर्व भागातली एक विडी कामगार बाई हे ऐकून माझ्याकडे आली. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, थोरली मुलगी बारावीला. हिने बाप्तिस्मा घेतला आहे, नवऱ्याने घेतलेला नाही. पण रविवारी तोच तिला उपासनेला गाडीवरून सोडतो आणि न्यायलाही येतो. तिला मंगळसूत्र काढायला सांगितले होते आणि नवरा बाप्तिस्मा घेत नसेल तर त्याच्यापासून वेगळे राहायला. ती मला म्हणाली, "बाई, मग इतकी वर्षं मी पापात राहिले का? आणि माझ्या पोरींना काय म्हणायचं?"

मी जन्माने ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट. शाळेतून निवृत्त झाले, आता मंडळीतल्या महिलांचे काम पाहते. तिला जे सांगितले ते इथे सगळ्यांसमोर सांगते.

विवाह चर्चने सुरू केलेला नाही. बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात पुरुष आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील असे म्हटले आहे, आणि तेव्हा ना चर्च होते, ना मंदिर, ना पुरोहित. येशूला सूटपत्राबद्दल, म्हणजे घटस्फोटाबद्दल विचारले तेव्हा तो याच वचनाकडे गेला आणि म्हणाला, "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये." जोडणी कोणत्या विधीने झाली हे त्याने विचारले नाही. योसेफाची बायको आसनथ ही मिसरातल्या ओन नगरच्या पुरोहिताची मुलगी, मोशेची सिप्पोरा मिद्यानी पुरोहिताची. रोमी सुभेदार पिलाताच्या बायकोने स्वप्न पडल्याचा निरोप पाठवला, तिलाही मत्तय सरळ त्याची बायकोच म्हणतो.

आणि पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, सातवा अध्याय. ही करिंथची माणसे मूर्तिपूजक शहरातली, लग्ने तिथल्याच रीतीने झालेली, त्यातला एकच जण विश्वासात आलेला. आमच्या विडी कामगार बाईची हीच तर स्थिती! पौल म्हणतो, विश्वास न ठेवणारा नवरा नांदायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये. तो तिच्यामुळे पवित्र झालेला आहे आणि त्यांची मुलेही पवित्र आहेत. म्हणजे त्या पोरींना काय म्हणायचे याचे उत्तर पौलाने देऊन ठेवले आहे.

कॅथलिक चर्च विवाहाच्या बाबतीत आम्हा प्रॉटेस्टंटांपेक्षा कितीतरी काटेकोर. पण बाप्तिस्मा न झालेल्या दोघांनी आपापल्या रीतीने केलेले लग्न तेही खरे मानते. पुढे दोघांचा बाप्तिस्मा झाला तर नवे लग्न लावत नाहीत; तेच लग्न संस्कार ठरते. एकाचाच झाला तर पौलाच्या त्याच अध्यायावरून एक सवलत आहे, मात्र दुसरा जोडीदार सोडून गेला तरच. आणि त्यालाही आधी विचारावे लागते की तुला बाप्तिस्मा घ्यायचा आहे का, निदान शांततेने एकत्र राहायचे आहे का. आमच्या विडी कामगार बाईच्या नवऱ्याला हे कोणी विचारले?

करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले, विश्वास न ठेवणाऱ्यांशी संबंध जोडून विजोड होऊ नका, हे वचन लोक पुढे करतात. ते वचन मला मान्य आहे आणि लग्न ठरवण्याआधी मुलामुलींनी ते जरूर वाचावे. पण त्याच पौलाने त्याच मंडळीला आधी लिहिले होते की झालेला संसार मोडू नका. जुन्या करारात एज्राच्या काळी परक्या बायका घालवून दिल्या, हे खरे. आम्ही मात्र नव्या करारात राहतो आणि तिथे या प्रश्नाचे सरळ उत्तर लिहिलेले असताना एज्राकडे धावायचे कशाला?

आपल्या महाराष्ट्रातला दाखला तर सर्वांना ठाऊक आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्यातला काही काळ आपल्याच पंढरपुरात. तेव्हा १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार त्या कारणाने नांदायला तयार नसेल, तर कोर्टाकडून विवाह मोडून घेता येत असे. म्हणजे धर्म बदलला तरी लग्न उभेच आहे, असे सरकारही धरून चालले होते. टिळकांनी ती वाट धरली नाही. ब्राह्मणी विधीने लागलेले लग्न त्यांनी लग्नच मानले, वाट पाहिली आणि लक्ष्मीबाई परत आल्या.

माझ्या पणजोबा-पणजींचे लग्नही बार्शीकडच्या गावात हळद लागून, अक्षता पडून झाले. बाप्तिस्मा नंतरचा. मंडळीने त्यांना नवरा-बायको म्हणूनच आत घेतले. मराठी ख्रिस्ती समाजातली बहुतेक घराणी अशाच जोडप्यांपासून सुरू झालेली आहेत. ती लग्ने खोटी धरली तर आम्ही सगळे कोण? आमच्या आजीच्या गळ्यात काळे मणी शेवटपर्यंत होते, माझ्याही गळ्यात आहेत, त्यात क्रूस आहे. लहानपणी भोगीच्या दिवशी शेजारच्या काकू सिद्धेश्वर यात्रेतल्या, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला जायच्या. आमचा विश्वास वेगळा, पण सोलापुरात वाढलेल्या माणसाला अक्षतेचे मोल कळते.

आता एक इशारा. धर्म बदलण्याआधी झालेले लग्न वेगळे आणि ख्रिस्ती मुलाने किंवा मुलीने आज दुसऱ्या धर्माच्या विधीने करायचे लग्न वेगळे. यात गल्लत करू नका. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, तो दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. ख्रिस्ती आणि हिंदू यांनी हिंदू विधीने केलेले लग्न त्या कायद्याखाली वैध नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचे चौथे कलमही एक पक्ष ख्रिस्ती असला की त्याच कायद्याची रीत पाळायला सांगते. कॅथलिक व्यक्तीने बिशपांची परवानगी न घेता बाहेर लग्न केले तर तिचे चर्च ते मानत नाही. यात पुढे बायकोचे आणि मुलांचे हाल होतात, पोटगीपासून वारसापर्यंत. अशा जोडप्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यायची. कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. नंतर पाळकांकडून आशीर्वादाची प्रार्थना घ्यावी आणि नातेवाइकांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये.

शहरातल्या सर्व मंडळ्यांच्या पाळकांना माझी विनंती आहे की, पहिल्या करिंथकरांचा सातवा अध्याय एका रविवारी उपदेशाला घ्यावा आणि उपासनेनंतर एखाद्या वकिलांना बोलावून लोकांचे प्रश्न ऐकावेत. प्रार्थनासभा चालवणाऱ्या बंधुभगिनींनीही त्या दिवशी यावे. ज्या बायकांना घर सोडायला सांगितले गेले आहे त्यांनी आधी आपल्या पाळकांना भेटावे, नवऱ्यालाही सोबत न्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर