स्कॅनर विकताना त्याचा संगणक भंगारात काढू नका

संपादक महोदय,

जुने नकाशे, इमारतींचे आराखडे आणि वृत्तपत्रांचे बांधीव खंड स्कॅन करून ठेवण्याचे काम आता लहान ग्रंथालयेही हाती घेऊ लागली आहेत. टेबलावरच्या ए-४ स्कॅनरने हे भागत नाही. वृत्तपत्राचे मोठे पान ए-२च्या जवळ जाते, उघडलेला खंड ए-१च्या घरात, आणि आराखडा ए-० असेल तर तो ८४१ बाय १,१८९ मिलिमीटर. एवढ्या मापाचे नवे यंत्र आवाक्याबाहेरचे असते, म्हणून वापरलेले शोधले जाते. त्यात गैर काही नाही. या यंत्रांची चौकट, मोटर आणि भिंगे दणकट असतात. घोडे पेंड खाते ते दुसरीकडेच. विकणारी संस्था स्कॅनर एका यादीत घालते आणि त्याला जोडलेला जुना संगणक दुसऱ्या यादीत घालून भंगारात काढते. कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्राचा उजेड आणि मोजमाप जुळवण्याची शीट कपाटामागे राहते. सॉफ्टवेअरचा अंगठ्याएवढा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती परवान्याची किल्ली, संगणकाच्या पाठीला लागलेला असतो, तो त्याच्याबरोबरच जातो. मग यादीत ‘चालू स्थितीत’ असे लिहितात. त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की बटण दाबल्यावर दिवा लागतो.

देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे: स्कॅनर, त्याचा संगणक, डोंगल आणि कॅलिब्रेशन शीट ही चारही मिळून एक वस्तू समजा आणि एकाच नोंदीखाली विका. घेणाऱ्याने यातले एक जरी नसेल तर यंत्राची किंमत सुट्या भागांइतकीच धरावी.

संगणकाचे एवढे काय, असे वाटेल. वीसेक वर्षांपूर्वीचे मोठे स्कॅनर स्कझी किंवा फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडण्यांनी संगणकाला जोडले जात. स्कझीचे जुने कार्ड ज्या पीसीआय खाचेत बसते, ती खाच आजच्या मदरबोर्डवर सहसा नसते. फायरवायरचे कार्ड नव्या संगणकात बसवता येते, पण मग ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला स्कॅनरशी बोलायला शिकवणारे सॉफ्टवेअर, आडवा येतो: ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये चढतच नाही आणि कंपनीने ६४ बिटचा काढलेला नसला तर विषय तिथेच संपतो. आभासी संगणकात (नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) जुने विंडोज घालून यूएसबीचा स्कॅनर कधी कधी चालतो. फायरवायरच्या बाबतीत ही आशा ठेवू नये. व्ह्यूस्कॅन किंवा लिनक्सवरचे सेन या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने कागद काचेवर ठेवायचे जुने सपाट स्कॅनर बरेच चालतात, एप्सनचे काही ए-३ही. पण रुळावरून कागद ओढणाऱ्या ए-० यंत्रांना त्यांचा फारसा उपयोग नाही.

त्यामुळे जुना संगणकच जपावा लागतो. तो हाती आला की काहीही अद्ययावत करण्याआधी त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून दोन ठिकाणी ठेवावी. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी लगेच बदलावी. ती मेली की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, आणि काही स्कॅनिंग सॉफ्टवेअर चुकीची तारीख पाहून परवाना नाकारतात. लोक मात्र दोष स्कॅनरमध्ये शोधत बसतात. विंडोज एक्सपीचे सुरक्षा अद्यतन ८ एप्रिल २०१४ला थांबले, विंडोज ७चे १४ जानेवारी २०२०ला. म्हणजे हा संगणक इंटरनेटला जोडायचा नाही. फाइल बाहेर काढण्यासाठी एक बाह्य डिस्क किंवा दुसऱ्या एकाच संगणकाशी थेट केबल, एवढे पुरे.

काही यंत्रांत संगणक आतच असतो आणि सगळा कारभार ब्राउझरमधून चालतो. जर्मनीच्या इमेज अ‍ॅक्सेसचे वाइडटेक आणि बुकआय हे स्कॅनर या जातीचे. निवड करायला वाव असेल तर असेच घ्यावे, कारण ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही. मात्र प्रशासकाचा पासवर्ड व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावा. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की आतल्या डिस्कवर आधीच्या कामाची चित्रे आणि नेटवर्कचे पासवर्ड राहू शकतात. ते पुसल्याशिवाय यंत्र दाराबाहेर काढू नये.

आता कॅलिब्रेशन शीट. दिसायला तो एक पांढरा, काळ्या खुणा छापलेला जाड तक्ता, म्हणून तो सर्रास फेकला जातो. स्कॅनर या तक्त्यावरून दोन गोष्टी शिकतो. एक, सेन्सरच्या प्रत्येक बिंदूला पांढरे म्हणजे किती उजेड. दुसरी, शेजारी-शेजारी बसवलेल्या तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रे नेमकी कुठे जुळतात. तक्ता मॉडेलनुसार वेगळा असतो आणि त्याची झेरॉक्स चालत नाही, कारण खुणांमधली अंतरे आणि पांढरेपणा दोन्ही मोजून दिलेले असतात. उजेडात पडून तो पिवळा झाला असेल तर स्कॅनर त्या पिवळ्यालाच पांढरे मानतो आणि पुढचे सगळे स्कॅन निळसर येतात. तक्त्याला उभी घडी पडली असेल तर घडीच्या जागी सेन्सरला कमी उजेड मिळतो, यंत्र तिथे भरपाई करते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक नकाशावर त्याच जागी एक फिकट उभी पट्टी उमटते. कागद बदला, काच पुसा, पट्टी हलत नाही. म्हणून तक्ता पाहायला मागावा, खिडकीजवळ नेऊन तिरका धरावा, घडी आणि पिवळेपणा दोन्ही तपासावे.

यंत्राची जात कोणती, हे कागद ठरवतो. रुळावर कागद ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये सीआयएस आणि सीसीडी असे दोन प्रकार येतात. सीआयएसमध्ये सेन्सरची पट्टी काचेला जवळजवळ चिकटून असते. यंत्र हलके, वीज कमी, आणि कॅमेरे जुळवण्याची कटकटही कमी. पण कागद काचेपासून थोडा जरी उचलला गेला तरी अक्षर पुसट होते. ताज्या, सपाट आराखड्यांना हे उत्तम. घड्या पडलेल्या, कापडावर चिकटवलेल्या नकाशांना सीसीडीच हवा, कारण त्यात आरसे आणि भिंगांचे कॅमेरे असल्यामुळे काचेपासून काही मिलिमीटर उंचावलेला भागही स्पष्ट येतो. बदल्यात सीसीडीचे यंत्र जड असते, आणि फ्लोरोसंट दिवा असेल तर तो तापून स्थिर व्हायला वेळ घेतो. दिवा किती तास जळला, याचा आकडा बऱ्याच यंत्रांच्या सेवा मेनूत मिळतो. तो विचारावाच.

ठिसूळ कागद मात्र कोणत्याच रुळाखाली घालू नये. पारदर्शक पॉलिएस्टरच्या दुहेरी पाकिटात घालून ओढता येतो, तरी त्यात कधी कधी तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलये दिसतात आणि पाकिटावरचा प्रत्येक ओरखडा चित्रात येतो. कागद पुढून आत जाऊन मागून सरळ बाहेर पडतो, की रुळाभोवती वळून पुढेच परत येतो, हेही पाहावे. वळणारा मार्ग जुन्या मूळ प्रतींसाठी बादच.

बांधीव खंडांना वरून पाहणारा स्कॅनर लागतो किंवा सरळ कॅमेरा आणि उभा स्टँड. जुन्या फोटो एन्लार्जरचा खांब यासाठी छान उपयोगी पडतो. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावले की चकाकी टळते. हिशेब सोपा आहे: ८,२५६ बाय ५,५०४ बिंदूंचा कॅमेरा पूर्ण ए-२ पानावर साधारण ३३० डीपीआय (एका इंचात तेवढे बिंदू) देतो, ए-१वर २३५, आणि ए-०वर जेमतेम १६६. म्हणजे वृत्तपत्राच्या खंडाचे एकेक पान घ्यायला हा मार्ग सेकंडहँड पुस्तक-स्कॅनरपेक्षा अनेकदा शहाणपणाचा ठरतो. बिघडले तर नुसता कॅमेरा बदलता येतो, सगळे यंत्र बदलावे लागत नाही. ए-०च्या बारीक आराखड्याला तो पुरत नाही.

डीपीआयच्या आकड्यांवरून आठवले. जाहिरातीत ‘९,६०० डीपीआय’ दिसले की तो बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. ‘ऑप्टिकल’, म्हणजे सेन्सर खरोखर टिपतो तो आकडा, किती ते विचारावे. मोठ्या कागदाला ३०० ते ४०० ऑप्टिकल पुष्कळ झाले. रंगीत ए-० पान, फाइल न दाबता, ३०० डीपीआयला सुमारे ४२० एमबी, ४००ला ७४५, ६००ला पावणेदोन जीबीच्या जवळ जाते. लांब गुंडाळी एका दमात स्कॅन करणाऱ्यांनी आणखी एक मेख ध्यानात ठेवावी: जेपेग या प्रकारच्या चित्र-फाइलची एक बाजू ६५,५३५ बिंदूंपुढे जात नाही. ४०० डीपीआयला हे ४.१६ मीटर होतात. त्यापुढे सॉफ्टवेअर एकतर अडते, नाहीतर मुकाट्याने लहान करून ठेवते. टिफ या दुसऱ्या प्रकारात घ्यावे, आणि साध्या टिफची ४ जीबीची मर्यादा ओलांडणार असेल तर त्याच्याच मोठ्या फाइलींसाठीच्या बिगटिफमध्ये.

पाहायला जाताना आपले कागद आपण न्यावेत. विकणाऱ्याचा नमुना नेहमी चांगलाच येतो. यंत्राच्या पूर्ण रुंदीचा एक कोरा पांढरा कागद न्यावा आणि दुसऱ्यावर बरोबर १,००० मिलिमीटरची एक रेघ आणि टोकापासून टोकापर्यंत ४५ अंशांतल्या तिरक्या रेघा प्लॉटरने (मोठे आराखडे छापण्याचे यंत्र) काढून घ्याव्यात. तिसरा, घडी पडलेला टाकाऊ नकाशा, घडीपाशी अक्षर स्पष्ट येते का ते पाहायला. दिवा तापून स्थिर झाला की कोरा कागद घालावा आणि अर्ध्या तासाने तोच पुन्हा. दोन्हींच्या रंगात डोळ्याला कळण्याइतका फरक पडला तर दिवा बहुधा म्हातारा झाला आहे.

कोऱ्या कागदावर उभी रेघ दिसली तर घाबरू नये. या यंत्रात सेन्सर स्थिर आणि कागद सरकता, त्यामुळे काचेवरचा वाळूच्या कणाएवढा डागही आराखड्याच्या सगळ्या लांबीभर ओढला जातो. काच पुसून रेघ गेली तर ठीक. डाग काचेच्या आतल्या बाजूला असेल तर यंत्र उघडावे लागेल, आणि टाचणीने पडलेला ओरखडा असेल तर काच नवी लागेल. सपाट स्कॅनरमध्ये उलटे असते: काचेवरची धूळ तिथे नुसता ठिपका होते. तिथे जर रेघ आली, तर डाग काचेच्या टोकाशी असलेल्या पांढऱ्या कॅलिब्रेशन पट्टीवर शोधावा.

तिरक्या रेघा पडद्यावर शंभर टक्के मोठ्या करून पाहाव्यात. दोन कॅमेऱ्यांच्या सांध्यावर रेघ पायरीसारखी तुटलेली असेल तर कॅलिब्रेशन समोर करून दाखवायला सांगावे. त्यानंतरही पायरी राहिली तर आतला आरसा किंवा कॅमेरा हललेला आहे. मग १,००० मिलिमीटरची रेघ ओढण्याच्या दिशेने घालून बिंदू मोजावेत. ३०० डीपीआयला ११,८११ यायला हवेत. दहा-बारा इकडे-तिकडे चालतात, म्हणजे एक मिलिमीटर. तीन वेळा घालून तीन वेगळे आकडे आले तर रूळ घसरत आहेत. आकडा चुकीचा पण दर वेळी तोच येत असेल, तर ती चूक सेटिंगमध्ये सुधारते. रुळांना बोट लावून पाहावे: रबर चकचकीत, कडक झाले असेल तर ते घसरते, चिकट झाले असेल तर ते विघटन पावते आहे, आणि असे रूळ मूळ कागदावर डाग सोडतात. पुसून ते सुधारत नाहीत. नवे रूळ मिळण्याची खात्री नसेल तर तिथूनच परत फिरावे.

सौदा ठरला तर मागच्या पाटीवरचा व्होल्टेज वाचावा. फक्त ११० ते १२० व्होल्टचे यंत्र २३०च्या प्लगला लावले की वीजपुरवठ्याचा भाग जळतो. बहुतेक सपाट स्कॅनरना वाहतुकीचे कुलूप असते, ते लावल्याशिवाय उचलू नये, आणि पोहोचल्यावर काढल्याशिवाय चालू करू नये. कॅमेऱ्यांचे (सीसीडीचे) यंत्र आडवेच न्यावे. कॅलिब्रेशन शीट गुंडाळू नये, दोन पुठ्ठ्यांत सपाट, काळ्या पाकिटात ठेवावी. डोंगल त्या पाकिटाला चिकटवावा, म्हणजे दोन्ही एकदमच हरवतील किंवा एकदमच सापडतील. पाहणीच्या दिवशी काढलेल्या तिरक्या रेघांची फाइल जपून ठेवावी आणि नव्या जागी पहिला स्कॅन त्याच कागदाचा करावा. सांध्यावर तेव्हा नसलेली पायरी आता दिसली, तर ती वाटेत पडली आहे, आणि ते वाहतूकदाराला त्याच दिवशी लेखी कळवावे.

आपले,
दस्तऐवजांच्या डिजिटायझेशनचे काम करणारे काही वाचक