पिवळा की राखी?

प्रिय अव्या,

किती दिवसांनी लिहितेय, त्याबद्दल भेटशील तेव्हा हवं तेवढं भांड. तब्येत बरी आहे. अण्णाही बरे आहेत.

सेंट्रोपायजीचा, म्हणजे आपल्या बुटक्या एंजलफिशांचा, बारकोड अहवाल (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखायचा) आला, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? त्यातली फ्लाविसिमा जात पिवळीधमक, डोळ्याभोवती निळं कडं. व्रोलिकाय जात पुढून राखी, मागे काळीकुट्ट. लहान पोरही म्हणेल, दोन वेगळे मासे. पण बारकोडसाठी वापरतात त्या सीओआय जनुकाची, डीएनएची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं वाचली, तर रंगाप्रमाणे गटच पडत नाहीत! २०१२ साली एबलाय ही तिसरी जात धरून तिघांबद्दल हेच छापून आलं होतं, ते वाचलं होतंच. पण आपल्याच बरण्यांतले मासे तसं म्हणायला लागले की झोप उडते रे.

आता आपली मंदी म्हणते, एकच नाव लाव आणि मोकळी हो. मला ते पटत नाही. कॅरिबियनमधले हॅम्लेट मासे आठव. त्यांच्या जनुकांत फरक नावालाच, तरी संध्याकाळी अंडी घालायच्या वेळी बहुतेक जण आपल्याच रंगाचा जोडीदार शोधतात. अँबॉन डॅमसेल माशाच्या चेहऱ्यावरची अतिनील नक्षी तर आपल्याला दिसतही नाही, आणि ते मासे तिच्यावरून आपला-परका ठरवतात. ज्यांची जात ठरवायची, त्यांचंच मत आपण धरायचं नाही?

तू म्हणशील, रंगावर जाऊ नकोस, काटे मोज. क्लाउनफिशांत ऑसेलॅरिसला पाठीवर बहुधा ११, पर्क्युलाला १०, हे तू जेवतानासुद्धा ऐकवायचास. मी बुबुळाचा नारिंगी रंग दाखवला की ताट सरकवून उठायचास! पण इथे काट्यांनीही भागत नाही.

खरी अडचण हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटाची. तिथे हे तिन्ही मासे एकाच खडकावर राहतात आणि एकमेकांशी संकर करतात. म्हणजे ज्या माशांना मी पंच मानलं, तेच फितूर. समोरच्या नमुन्याचं तोंड पिवळं, शेपटीकडे काजळी पसरलेली, कल्ल्याच्या कडेला जेमतेम निळी रेघ. अल्कोहोलमध्ये पिवळा रंग रोज उतरतोय. फोटो काढून ठेवलेत म्हणून बरं. सीओआय केंद्रकाबाहेरचं, मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणून फक्त आईकडून येतं, तेव्हा बाप कोण ते त्यातून कळणारच नाही. केंद्रकातले जनुक वाचल्याशिवाय या माशाला नाव देणं मला अन्याय वाटतो.

तुझ्या नव्या नोकरीचं ऐकलं, छान झालं. चिनूचे दात आले का? वहिनींना विचारलंय म्हणून सांग.

त्या माशाच्या पराचा तुकडा वेगळ्या कुपीत ठेवलाय. तुमच्याकडे केंद्रकातले जनुक वाचून होतील का, एवढं लगेच कळव. तोवर बरणीवर फ्लाविसिमा आणि व्रोलिकाय ही दोन्ही नावं लिहून मध्ये संकराची खूण म्हणून गुणिले घालतेय. मंदीला आवडणार नाही, पण चिठ्ठी मी पेन्सिलीनंच लिहिलीय.

तुझी,
शमा