दया म्हणजे न्यायाला सुट्टी नव्हे

संपादक महोदय,

ख्रिस्ती श्रद्धेत देव न्यायी की दयाळू, हा प्रश्न बहुतेकदा ‘एकाच्या बदल्यात दुसरा’ अशा हिशेबाने मांडला जातो. बायबलमधल्या निर्गम ३४:६-७ मध्ये मात्र क्षमा करणारा आणि दोषी माणसाला निर्दोष न ठरवणारा देव एकच आहे. तिथे तडजोड नाही.

अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने केलेली मांडणी अशी : पापाने देवाचा मान हिरावला. त्याची भरपाई तरी व्हावी, नाहीतर शिक्षा. भरपाई माणसाने करायची, पण ती करण्याची ताकद फक्त देवाची. म्हणून देव-मानव ख्रिस्त. इथे भरपाई शिक्षेला पर्याय आहे. ख्रिस्ताने शिक्षाच भोगली, हा मुद्दा सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी पुढे आणला. अनेक प्रवचनांत हे दोन्ही अन्सेल्मच्याच नावावर खपवले जातात.

खरा घोटाळा याच्या पुढे होतो. रागावलेला पिता, मध्ये पडणारा दयाळू पुत्र, असे चित्र रंगवले की त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धान्तच मोडतो. कारण योहान ३:१६ प्रमाणे पुत्राला देणारे प्रेम पित्याचेच आहे. शिवाय त्रयस्थ निरपराध्याला शिक्षा, हा आक्षेप मग अगदी रास्त ठरतो.

न्याय की दया, या प्रश्नाला तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी दिलेले उत्तर मला अधिक पटते. शंभर नाणी देणे असणाऱ्याने पदरची दोनशे दिली, तर तो न्याय मोडत नाही, औदार्य दाखवतो. अर्थात, या दाखल्यात पीडितांचे काय, हे सुटत नाही. अपराध्याला क्षमा मिळाली, तरी ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई शिल्लक राहतेच; बायबलमधला जकातदार जक्कय तर लुबाडलेले चौपट परत करायला निघाला होता.

– एक वाचक