प्रार्थना जमत नाही म्हणणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींचे उपचार लांबत चाललेत, डॉक्टर ठामपणे काही सांगत नाहीत, आणि प्रार्थनेला बसलास की भिंतीशी बोलतोय असं वाटतं. हे सगळं तू आडपडदा न ठेवता लिहिलंस, हे फार चांगलं केलंस. पण तुझं शेवटचं वाक्य मनातून जात नाही: "माझा विश्वास खरा असता तर मला एवढी भीती वाटली असती का?"

वाटली असती. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, चौदावा अध्याय पुन्हा काढ आणि क्रुसावरच्या मृत्यूआधीची गेथशेमाने बागेतली ती रात्र सावकाश वाच. येशू आपले शिष्य पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ घेऊन पुढे जातो आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झालाय हे त्यांना उघड सांगतो. मग जमिनीवर पडून पित्याकडे मागतो की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर; तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. परत येऊन पाहतो तर मित्र झोपलेले. तो पुन्हा जातो, आणि मार्क सांगतो की त्यानं तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेच शब्द! तुला रोज एकच मागणं मागायची लाज वाटते ना? प्रभूला वाटली नाही. प्याला टळला नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मीही लपवत नाही. पण त्या प्रार्थनेनंतर तो उठतो, झोपलेल्यांना म्हणतो, "उठा, आपण जाऊ," आणि धरायला येणाऱ्यांना सामोरा जातो. धैर्य कशाला म्हणावं असं कुणी विचारलं तर मी हाच प्रसंग दाखवीन. भीती त्यालाही वाटली. ती त्यानं पित्यापुढे बोलून दाखवली आणि मग पाऊल उचललं. त्यामुळे घाबरलास म्हणून तुझा विश्वास खोटा, हे मी कधीच मान्य करणार नाही.

घरी येऊन "तुमची श्रद्धा कमी पडली" असं सांगणारे लोक भेटतात म्हणतोस. त्यांचं मनावर घेऊ नकोस. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. मग बोलायला लागले, आणि त्याच्या दुःखाचं कारण त्याच्याच पापात शोधू लागले. शेवटी देवाचा राग पेटला तो त्यांच्यावर. भांडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या ईयोबाबद्दल देव म्हणाला की तो माझ्याविषयी योग्य ते बोलला.

आता तुझ्या बुद्धीचा प्रश्न. "हे सगळं मी स्वतःची समजूत घालायला मानतोय का?" असं तू विचारतोस. हा प्रश्न दाबून टाकू नकोस. देवावर पूर्ण बुद्धीनेही प्रीती करायची आज्ञा आहे, आणि "सर्व गोष्टींची पारख करा" असं ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानंच लिहून ठेवलंय. करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तर तो स्वतःला पुरतं अडकवून घेतो: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, आणि आम्ही सगळ्यांत कीव करण्याजोगे. नुसती समजूत घालणारा माणूस असं बोलत नाही. हे पत्र क्रुसावरच्या मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतलं. त्यात तो म्हणतो की पाचशेहून अधिक जणांना ख्रिस्त दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जाऊन विचारा! शिवाय चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बायकांना दिसते, आणि त्या काळात बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर कुणी अशी रचली नसती. गणितातल्या सिद्धतेसारखी सिद्धता यातून मिळत नाही, हे कबूल. पण माझी आशा कुणीतरी दिलेल्या साक्षीवर उभी आहे, आणि ती साक्ष मी तपासू शकतो, एवढा भरवसा मला पुरतो. शिष्य थोमानं हाताला लागेल असा पुरावा मागितला, तर प्रभूनं त्याला घालवून न देता जखमा पुढे केल्या.

आणि एक अगदी साधी गोष्ट. तू जेवतोस का? झोपतोस का? कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवानं त्याला उपदेश केला नाही. दूत आला तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन. एलीयानं खाल्लं, पुन्हा झोपला, पुन्हा खाल्लं. होरेब डोंगरावर ऐकू आलेली देवाची ती शांत, मंद वाणी त्यानंतरची. तिथंही त्याची तक्रार एकच, की मी एकटाच उरलोय. उत्तर मिळालं की देवाशी निष्ठावान असे अजून ७,००० जण आहेत, आणि सोबतीला अलीशा हा शिष्य मिळाला. तेव्हा दवाखान्यातली रात्रीची पाळी दुसऱ्या कुणाला दे. चर्चच्या मंडळीतल्यांना हक्कानं सांग. वहिनींची औषधं वेळेवर देणं आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणं यांत कुठलंही भांडण नाही, दोन्ही कर.

शब्द सुचत नसतील तर उसने घे. बायबलमधलं स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचं आहे आणि सुरुवातीलाच "किती वेळ?" असं चार वेळा विचारतं. त्यातला राग तुझ्या रागाला पुरेल. मी रविवारी रात्री फोन करतो, आपण ते मोठ्यानं वाचू. शेवटी दाविदानं देवाच्या दयेवर भरवसा टाकलाय. तिथवर येऊन तुला पुढे वाचता आलं नाही तर तू थांब, त्या ओळी तुझ्या वतीनं मी म्हणेन.

वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र