त्या गड्याचं पुढं काय झालं

बर्मिंगहॅम
पाडव्याच्या आधीचा रविवार

अण्णा, माय, जयभीम.

बारक्या, हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव आणि मधी स्वतःचं काही घुसडू नको. पिक्चर तू अर्धा पाहिलास, अण्णांना त्याच्याही अर्धा सांगितलास, म्हणून मला एवढं लिहावं लागतंय.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलं, "त्या गड्याचं पुढं काय झालं गं?" मी सांगायला लागले, तर मायनं "जेवलीस का" म्हणून फोन हिसकून घेतला, आणि मग रेंजच गेली. फोनवर ही गोष्ट सांगून होणार पण नाही. लै मोठी आहे, आणि माझं त्या गड्याशी जरा भांडणही आहे.

तो गडी म्हणजे सॅम. सॅमवाइज गॅमजी. गोष्ट लिहिली जे. आर. आर. टॉल्किन यांनी, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954 आणि 1955 साली तीन भागांत आलं. एक अंगठी आहे. ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं जग मुठीत घ्यावंसं वाटायला लागतं. ती मोडायची तर ज्या आगीच्या डोंगरात घडवली तिथंच नेऊन टाकायची. नेणारा फ्रोडो. ही सगळी हॉबिट म्हणून बुटकी माणसं, आपल्या कमरेएवढी. फ्रोडो खात्यापित्या घरचा, टेकडीतल्या मोठ्या घराचा मालक. सॅम त्याचा माळी, आणि सॅमचा बापही त्याच बागेत राबलेला. दोन पिढ्यांचा गडी म्हणा ना. खिडकीखाली गवत कापता कापता आतलं बोलणं ऐकत होता, तर गॅन्डाल्फ जादूगारानं कान धरून वर ओढला. आणि शिक्षा काय दिली, तर जा आता मालकाबरोबर.

त्याच्या बापाचं एक बोलणं तुम्हाला सांगितलंच पाहिजे. आधीचा मालक बिल्बो, त्यानं सॅमला लिहावाचायला शिकवलं. बाप दारूच्या दुकानात चारचौघांत सांगतो, की मालकानं पोराला अक्षरं शिकवली, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं म्हणा, आता त्यातून काही वाईट निघू नये म्हणजे झालं. ते वाक्य मी परत परत वाचलं. माझ्या नर्सिंगच्या फीपायी तुम्ही उचल मागितली, तेव्हा मालक म्हणाला होता, पोरीला शिकवून कुणाच्या घरी पाठवायचीय, आणि दहा माणसांदेखत हसला होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या पाडव्याला गुपचूप दुसऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर साल धरलं आणि त्या उचलीतून फी भरली. सॅमच्या बापाला अक्षरांची भीती वाटते, ती मला कळते. पण माझा बाप त्याच्यापेक्षा धीट निघाला, हे मी इथं वॉर्डात कुणालाही सांगते.

गॅमजी हे नाव कुठून आलं ते ऐकून माय हसेल. इथं बर्मिंगहॅमलाच सॅम्पसन गॅमजी नावाचे सर्जन होऊन गेले. 1880 साली त्यांनी जखमेवर बांधायची एक पट्टी काढली: वरखाली जाळीचं कापड आणि मधी कापसाचा जाड थर. ती त्याच नावानं अजून मिळते. टॉल्किन लहान असताना, 1896 ते 1900, याच शहराच्या कडेला सेअरहोल नावाच्या खेड्यात राहिले, आणि तेव्हा इथली माणसं कापसालाच गॅमजी म्हणायची. ते डोक्यात राहिलं. आणि सॅमची बायको कोण, तर रोझी कॉटन! म्हणजे कापसाच्या घरात कापसाचीच सून. माय, वेचणीला गेलीस की बायांना सांग.

आणखी एक गंमत. 1956 साली लंडनच्या एका खऱ्याखुऱ्या सॅम गॅमजीनं टॉल्किनना पत्र लिहिलं, की माझं नाव रेडिओवरच्या तुमच्या गोष्टीत आहे असं कळलं, हे काय प्रकरण आहे? टॉल्किननी त्याला सह्या करून तिन्ही भाग पाठवले. पण त्यांना पुढं धाकधूक लागून राहिली, की आता गोष्टीतल्या त्या वाईट गॉलमच्या सहीचं पत्र येतं की काय.

सेअरहोलची पाणचक्की अजून उभी आहे, तिथं आता संग्रहालय केलंय. सुट्टीला मी एकटीच जाऊन आले. चक्कीमागं तळं, तळ्यात बदकं, जरा पुढं गेलं की बसथांबा. आपल्या आखाड्याएवढी जागा, आणि हिच्यावर त्या माणसानं अख्खा मुलूख उभा केला.

आता मुद्द्याचं. हे टॉल्किन 1916 साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत अधिकारी होते. खंदकात उवांमुळं पसरणारा ताप त्यांना आला आणि इथल्या विद्यापीठातच उघडलेल्या लष्करी दवाखान्यात त्यांना आणून टाकलं. त्या फौजेत अधिकाऱ्याच्या दिमतीला एक शिपाई असायचा. बूट पुसायचे, चहा करायचा, सामान वाहायचं, आणि गोळ्या सुटल्या की बरोबरीनं पुढं जायचं. टॉल्किननी पुढं स्वतःच सांगितलं, की माझा सॅम म्हणजे ते शिपाई आणि साधे सैनिक, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी वरचढ होते. चांगलं बोलले. पण बोलले ते अधिकारी. त्या शिपायानं ही गोष्ट लिहिली असती तर 'मालक, मालक' एवढ्या वेळा आलं नसतं, असं मला वाटतं. सॅम अख्ख्या पुस्तकात फ्रोडोला 'मिस्टर फ्रोडो' म्हणतो. मरणाच्या दारात दोघं एका घोटभर पाण्यावर आले, तरी मिस्टर. माझं भांडण इथं आहे. तुमचं "जी मालक" ऐकत मी मोठी झाले, म्हणून ते मला गोड लागत नाही. इथल्या पोरींना लागतं. माझ्याबरोबरची एक तर म्हणते, किती गं प्रेमळ! मी म्हणते, प्रेम असेल, पण साल कितीला ठरलं होतं ते कुठं लिहिलंय?

तरी तो मला आवडतो, आणि आवडतो तो त्याच्या भांड्यांमुळं. सगळे तलवारी घेऊन निघाले, हा पाठीवर पातेली घेऊन. शिवाय मिठाची एक डबी, लपवून. मायनं माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत येसरची पुडी कोंबली होती ना, तसंच. अंगठी घडवणाऱ्या वैऱ्याच्या मुलखाच्या वेशीवर गॉलम दोन ससे मारून आणतो, तर हा त्याला वासाचा पाला आणायला सांगतो, गॉलम ऐकत नाही, तरी हा मंद आगीवर ससे शिजवतो. बटाटे नाहीत म्हणून हळहळतो. धूर निघतो, त्या धुरानं दोघं दुसऱ्याच फौजेच्या हाती सापडतात. पण मालकाच्या पोटात गरम गेलं, एवढं खरं. आणि पुढं मॉर्डोरमधी, म्हणजे त्या वैऱ्याच्या मुलखात, सगळी राखच राख, पाणी नाही, शिजवायला काही नाही, तेव्हा वजन कमी करायला तो ती भांडी एका भेगेत टाकून देतो. खाली आदळत गेलेल्या पातेल्यांचा खणखणाट त्याच्या काळजाला लागतो. एवढ्या लढाया आहेत पुस्तकात, राजे मरतात. मला रडू आलं ते पातेल्यांना. माय, दुष्काळात तू जर्मनची भांडी मोडीत घातली होतीस, तेव्हा पाठ फिरवून उभी राहिली होतीस. मी पाहिलं होतं.

बारक्यानं तुम्हाला जे सांगितलं, की मालक गड्यावर भाकर चोरल्याचा आळ घेतो आणि त्याला हाकलून देतो, ते पुस्तकात नाहीच. ते 2003 च्या पिक्चरवाल्यांनी घातलंय. गॉलम रोटीचा चुरा सॅमच्या अंगावर टाकतो, फ्रोडोला ते खरं वाटतं, आणि शॉन ॲस्टिन, म्हणजे जो सॅम झालाय तो, पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडतो. पुस्तकात दोघं बरोबरच त्या कोळिणीच्या, म्हणजे जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळी किड्याच्या, बोगद्यात शिरतात. चोरीचा आळ म्हणजे गड्याच्या गोष्टीतला सगळ्यात सोपा मसाला. ज्यांनी तो टाकला त्यांना माहीत नसावं, की सरकीचं एक पोतं कमी भरलं की आपल्या घरात दोन दिवस चूल कशी पेटायची नाही.

आळ तुमच्यावर पण आला होता, आणि तरीही एक गोष्ट बोलते, रागावू नका. सॅम गॉलमशी वाईट वागतो. गॉलम अंगठीपायी नासलेला, पण मूळचा त्यांच्यासारखाच बुटका माणूस. पायऱ्यांवर फ्रोडो झोपलेला असतो, गॉलम येतो, त्याचं मन क्षणभर पालटतं, थकल्या म्हाताऱ्यासारखा तो फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच हात लावतो. तेवढ्यात सॅमला जाग येते आणि हा त्याच्यावर खेकसतो, चोरटा म्हणतो. झालं. तो पुन्हा कधी पालटत नाही. टॉल्किननी पत्रात लिहिलंय, की माझ्या लेखी गोष्टीतला सगळ्यात दुःखाचा क्षण बहुधा हाच. मालक दया दाखवू शकतो, कारण राखण त्याला करायची नसते. राखण गड्याला, म्हणून हाकलायचं कामही गड्यालाच. तुम्हीही धनगरांच्या मेंढ्या बांधावरनं दगड मारून हुसकल्यात, अण्णा. हुकूम मालकाचा होता, शिव्या तुम्हाला पडल्या.

मग अंगठीचं. कोळीण शेलॉब फ्रोडोला डसते, सॅमला वाटतं मालक गेला, आणि काम अर्ध्यावर राहू नये म्हणून तो अंगठी स्वतः घेतो. अंगठी लगेच त्याला भुलवायला लागते. त्याला दिसतं, की आपण मोठे सेनापती झालो, हातात जळती तलवार, मागं फौज, आणि हे सगळं उजाड रान आपल्या हुकमानं फुलाझाडांचं झालंय. माळ्याला भुलवायला बागच दाखवली! मोठमोठे शहाणे जिथं घसरले तिथं हा सावरतो. एक तर मालकावरचा जीव, आणि दुसरं साधं शहाणपण: मला पाहिजे ती एक लहान बाग, माझ्या हातानं होईल तेवढी. दुसऱ्यांचे हात राबवून केलेला मुलूख नको.

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे. मागं मी पैसे पाठवते म्हणाले, कॅनॉलच्या कडेचं वावर घेऊन टाका म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, आहे तेवढं माझ्यानं होतं, जास्त घेतलं तर गडी ठेवावा लागंल, आणि मला गडी ठेवायचा नाही. मी चिडले होते. अजूनही मला वाटतं ते वावर घ्यायला पाहिजे होतं, तो भाव आता मिळायचा नाही. पण काहून नको म्हणालात ते कळतं.

फ्रोडो जिवंत असतो. सॅम त्याला सोडवून आणतो आणि अंगठी परत देतो, थोडी कुरकुर करून. शेवटी फ्रोडोच्यानं चालवत नाही तेव्हा त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. हे पिक्चरमधी बघा, ते त्यांनी झकास केलंय.

पण तुम्ही ज्याला भुलाल ते पिक्चरमधी नाहीच. ही मंडळी परत येतात तर त्यांच्याच गावात गुंडांनी झाडं तोडलेली, नदी घाण केलेली. सॅमजवळ एक लाकडी डबी असते, गॅलाड्रिएल राणीनं दिलेली. आत तिच्या बागेची माती आणि एकच बी. डबी त्याच्या एकट्याची, टाकायची होती सगळी आपल्या परसात! तो अख्खा मुलूख फिरतो, जिथं जिथं चांगलं झाड तोडलं तिथं रोप लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण. उरलेली चिमूट मधोमध उभं राहून वाऱ्यावर सोडतो. बी लावतो गावच्या मैदानात. पुढचं साल, त्यांच्या पंचांगातलं 1420, असं पिकतं की म्हातारी माणसं पुढं कित्येक वर्षं त्याच सालाचं नाव काढतात.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फ्रोडोची जखम काही भरत नाही, तो बोटीत बसून कायमचा निघून जातो. जाताना घर, जमीन, सगळं सॅमच्या नावावर करतो, आणि गोष्टीची वही पण, शेवटची पानं सॅमनं लिहायची म्हणून कोरी ठेवलेली. अक्षरं शिकल्याचं काय झालं ते त्याच्या बापाला आता कळलं असेल. रोझीपासून सॅमला तेरा लेकरं झाली, आणि गावानं त्याला सात वेळा नगराध्यक्ष केलं. सात! मानवतला एकदा होऊन दाखवावं कुण्या सालगड्यानं. वाडा गड्याच्या नावावर झालेला आपल्या अख्ख्या परभणी जिल्ह्यात मी ऐकला नाही. तुम्ही ऐकला असेल तर कळवा.

मला तर वाटतं, नगराध्यक्ष झाल्यावरही तो सकाळी बागेतच सापडत असणार. माय म्हणेल, तेरा लेकरांचं कोण करत होतं मग? ते टॉल्किननी फारसं लिहिलेलं नाही. रोझीवर कुणीतरी वेगळं पुस्तक लिहायला पाहिजे.

बारक्या, अण्णांच्या गुडघ्याचा एक्सरे काढून फोटो पाठव, सेलूला नको, परभणीलाच ने. पैसे सोमवारी टाकते. 14 एप्रिलची सुट्टी मागितलीय, मिळाली तर मिरवणूक निघायच्या वेळेला व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा फोन चार्ज करून ठेवा.

तुमची लेक